गिरणी थांबवून बोलणारा माणूस

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी खोलीबद्दल एकही चांगला शब्द काढला नाही.

"पावसाळ्यात त्या कोपऱ्यात गळतंय," ते म्हणाले. "मोरीचं पानी तुंबतंय. ह्या भिंतीच्या पल्याड माझी पिठाची गिरणी हाय, सकाळपासून धडधड चालू. उंदरं हायेत. पिठासाठी येतेत, तुझ्यासाठी न्हाई, पर चुकून येतेत हिकडं. आन माझं तोंड लई खराब हाय. गावात कुणालाबी इचार."

मी म्हणाले, "मग भाड्यानं देता कशाला?"

"तुला पायजे म्हून. मी कुठं तुला बोलवायला आलतो?"

दिंद्रुडपासून जरा आतल्या गावात, उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी नवी नेमणूक झाली होती. दुसरी खोली मिळत नव्हती, म्हणून हीच घेतली. सामान लावल्यावर कळलं, की छत त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यातच गळतं आणि मोरी त्यांनी सांगितली तेवढीच तुंबते. आधीच्या गावातल्या मालकानं "बाई, राजमहाल आहे" म्हणून खोली दिली होती आणि दुसऱ्याच दिवशी उशाखाली विंचू निघाला होता. इथं निदान फसवणूक नव्हती. मी तिथं सहा वर्षं राहिले.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. भुवयांवर कायम पीठ, डोक्याला घट्ट बांधलेला पंचा. तीस-एक वर्षं गिरणीच्या आवाजात काढल्यामुळं कान मंद झालेले, आणि त्यामुळं आवाज मोठा. कुजबुज हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. घरातल्या घरात म्हणून जे बोलायचे ते समोरच्या गल्लीला ऐकू जायचं. पण महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते मोटार बंद करायचे. पट्टा फडफडत थांबायचा, एकदम शांत व्हायचं आणि दळणाच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडं बघायच्या. "थांबली गं माय गिरणी, आता कुणाचं दळण निघतंय कुणाला ठाव," असं म्हणायच्या.

त्यांच्या बायकोनं, मामींनी, यावर एक इलाज काढला होता. गिरणीची धडधड थांबली की त्या हातातलं काम टाकून तांब्या घेऊन पळत यायच्या. "आधी पानी प्या जरा," म्हणून तांब्या पुढं करायच्या. तोंडात पाणी असेपर्यंत माणूस बोलत नाही, एवढाच त्यांचा हिशोब. कधी कधी तेवढ्यात समोरचा माणूस निसटायचा. बहुतेक वेळा मात्र मामा घोट गिळून पुढं चालू करायचे.

आपल्याकडे येता-जाता कुणी "काय, बरं हाय का?" म्हटलं, तर "हाय की" म्हणायचं आणि चालायला लागायचं. मामांना हे कधी जमलं नाही. ते थांबायचे, विचार करायचे आणि सांगायचे. "न्हाई, बरं न्हाई. काल हरभऱ्याची भाजी लई खाल्ली, राती दोनदा परसाकडं गेलतो. गुडघाबी दुखायलाय. आन बायको चार दिवस झालं धड बोलंना." विचारणारा बिचारा सायकल धरून उभा. पुढं पुढं लोकांनी त्यांना बरं-वाईट विचारणंच सोडलं, लांबूनच हात वर करून जायचे.

गावात एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला लोक उठून दोन-दोन शब्द बोलत होते. देवमाणूस गेला, कुणाला दुखवलं नाही, वगैरे. मामा उभे राहिले. "मानूस कामाला लई दमदार हुता," ते म्हणाले. "पर बांध कोरायचा. माझाच वीतभर कोरलाय. आता ते वर गेले, मी माफ केलं." लोकांनी माना खाली घातल्या, मामींनी पदर तोंडाला लावला. आणि गंमत बघा, पंधरा दिवसांनी म्हाताऱ्याचा मुलगा दोरी घेऊन आला आणि मामांचा बांध होता तिथं सरकवून गेला. माझ्यादेखत झालं हे, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता.

निवडणुकीत उमेदवार हात जोडत दारोदार यायचे. प्रत्येक घर प्रत्येकाला सांगायचं, मत तुम्हालाच. मामा एकाला म्हणाले, "तुमाला न्हाई देणार. उगं पाय तुडवत येऊ नका." तो माणूस हसला. पुढं तो पडला, तेव्हा म्हणाला म्हणे, "साऱ्या गावात एकाच मताचा माझा अंदाज बरोबर निघाला, ते गिरणीवाल्याचं."

मी ह्या गोष्टी फोनवर आईला सांगायचे आणि आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो. लांबून असला माणूस भारीच वाटतो.

आता चौकशीचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन ठेपतं.

आमच्या भागात सोयरीक जुळवायची म्हणजे आधी मुलाच्या गावात जाऊन गुपचूप चौकशी करायची. मुलीकडचे दोघं-तिघं स्टँडवर उतरतात, हॉटेलात चहा सांगतात आणि सहज विचारल्यासारखं करतात, "अमक्याचं घर कसं हाय हो?" ते कोण आहेत आणि कशासाठी आलेत, हे त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांवरून साऱ्या गावाला कळतं. आणि उत्तर ठरलेलं असतं. घर चांगलं, पोरगं निर्व्यसनी, माणसं देवासारखी. कुणाच्या सोयरिकीत माती कालवू नये, हा गावचा कायदा. आज त्यांचं आहे, उद्या आपल्या पोराचं असणार.

आता पंचाईत अशी, की मामांची गिरणी स्टँडला लागूनच. त्यामुळं पाहुणे उतरले की दुकानदार त्यांना हाताला धरून मारुतीच्या देवळामागून लांबच्या रस्त्यानं न्यायचे. तरी एकदा तिघंजण तोंड धुवायला म्हणून गिरणीच्या नळावर गेले. मामांनी विचारलं, "कुणाकडं?" त्यांनी नाव सांगितलं. गिरणी थांबली.

"पोरगं कामाला चांगलं हाय," मामा म्हणाले. "पर जुगार खेळतंय. गावात न्हाई खेळत, बाजारच्या दिवशी भायेर जाऊन खेळतंय. आईच्या पाटल्या गेल्यात त्यात."

पाहुणे तिथूनच माघारी गेले. संध्याकाळी मुलाचा बाप काठी घेऊन दारात. "कावून माती कालवली बे माझ्या पोराच्या सोयरिकीत?"

मामा म्हणाले, "तुला लेक हाय ना? तिला जुगारी पोरगं करतूस का? हो म्हन, मी आत्ता जातो आन त्या पाव्हण्यांचे पाय धरून त्यांना माघारी आनतो."

तो माणूस काठी आपटून निघून गेला. मला त्या दिवशी मामांचा फार अभिमान वाटला. खरंच वाटला.

पण दोन महिन्यांनी त्यांनी दुसरं एक केलं. मागच्या गल्लीतली एक मुलगी, गुणी, हसरी, माझ्याकडं लसीकरणाच्या दिवशी मदतीला यायची. तिला बघून गेलेल्या लोकांनी परत जाताना गिरणीपाशी गाडी थांबवली. मामांनी तिचं कौतुक केलं, सगळं चांगलं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "लहानपणी चुलीवरचं पानी सांडून मांडी भाजलती तिची. डाग हाय. बाकी पोरगी सोनं हाय."

लग्न मोडलं. त्या मुलीची आई त्यानंतर डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला चालत जायला लागली, पण मामांच्या गिरणीत आली नाही.

मी तिरमिरीत गेले. त्यांनी मोटार बंद करायच्या आत मीच बंद केली. "काय गरज होती?" मी म्हणाले. "कुणी विचारलं होतं तुम्हाला मांडीचं?"

"खोटं सांगितलं का मी?"

"खरंच सांगितलंत. पण ते खरं तुमचं नव्हतं मामा, तिचं होतं. सांगायचं का नाही ते तिनं ठरवायचं होतं."

मामांनी समोरच्या पाटीतली मूठभर ज्वारी उचलली. "मनात ठिवलं की किडतंय बाई. ज्वारी असू दे न्हाईतर बोलनं."

"तुमचं किडतं, म्हणून दुसऱ्याच्या पोत्याला भोकं पाडता का?"

रांगेतल्या बाया हसल्या. मामा हसले नाहीत. आठ दिवसांनी ते त्या मुलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डागाचं बोललो, माझं चुकलं." ती बिचारी अजूनच लाजून आत पळाली, कारण ज्यांना डागाचं ठाऊक नव्हतं त्यांनाही आता ठाऊक झालं. माफीसुद्धा त्यांना हळू मागता यायची नाही.

मामांना एकच मुलगी, मनीषा. मी राहायला गेले तेव्हा ती चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली. ती अगदी कमी बोलायची. बापानं साऱ्या घराचं बोलून ठेवलं होतं, तिच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी ती माझ्या पायरीवर यायची, मी चहा करायचे. माझी रजिस्टरं ती भरून द्यायची, अक्षर सुरेख होतं तिचं. सख्खी बहीण नसल्याची मला कधी आठवण झाली नाही, ती तिच्यामुळंच.

तिचं लग्न जमेना. जमणार कसं? गावात ज्यांची ज्यांची सोयरीक मामांनी मोडली होती ते सगळे बसलेलेच होते. मनीषाला बघायला कुणी येणार असलं, की चौकशीला आलेल्यांना स्टँडवरच कुणीतरी गाठायचं. ह्या एका घरासाठी गावानं आपला कायदा बाजूला ठेवला होता. "बापाचं डोकं फिरलेलं हाय, पोरीचंबी सांगता येत न्हाई," एवढं पुरायचं. चोवीसाची सत्तावीस झाली. मामी रोज संध्याकाळी दिवा लावताना रडायच्या. मामा रडायचे नाहीत, पण गिरणी थांबवणं त्यांनी बरंच कमी केलं होतं. मला ते दिसत होतं.

आणि मग माझ्या गावचं स्थळ आलं.

माझं गाव मांजरसुंब्याच्या पलीकडं, रस्त्यापासून आत. गावात एक मोठं घर आहे. घरातले थोरले गृहस्थ शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, त्यामुळं सगळं गाव त्यांना अध्यक्षच म्हणतं. त्यांचा पुतण्या बत्तीस वर्षांचा होता. जवळपासच्या कुणी मुलगी दिली नव्हती, म्हणून लांबवर शोधत शोधत ते मामांच्या दारात आले होते.

मी लसीचा डबा खांद्याला लावून दुपारी परत येत होते. मला बघून मामांनी मोटार बंद केली. चार बाया रांगेत होत्या, मनीषा दारात ज्वारी चाळत उभी होती. मामी तांब्या घेऊन आल्याच नाहीत. त्यांनाही ऐकायचं होतं.

"तुझ्या गावचं हाय," मामा म्हणाले. "अध्यक्षाचा पुतण्या. तू त्या गावची. सांग, पोरगं कसं हाय?"

पोरगं कसं आहे ते मला चांगलंच ठाऊक होतं. आदल्या दिवाळीला मी गावी गेले होते तेव्हा भरदिवसा, मारुतीच्या पारासमोर, ह्या पोरानं दारूच्या पैशासाठी स्वतःच्या आईला हाताला धरून फरफटत नेलेलं मी पाहिलं होतं. आई "सोड रं, सोड रं" म्हणत होती. पारावर पाचजण बसले होते. त्यांनी पेपर वर केला. मीही तिथंच उभी होते, मीही काही केलं नाही.

आणि मला हेही ठाऊक होतं, की माझा धाकटा भाऊ त्याच अध्यक्षांच्या शाळेत सात वर्षं बिनपगारी शिकवतोय. त्याच्या मान्यतेची फाइल अध्यक्षांच्या टेबलावर आहे. "यंदा करून टाकू," असा निरोप महिन्यापूर्वीच आलेला. आईनं त्या दिवशी शेजारपाजारी पेढे वाटले होते.

"तसं... घर चांगलं आहे," मी म्हणाले. "जमीन आहे, विहिरीला पाणी आहे. नाव आहे त्यांचं."

मामांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले आणि मोटार चालू केली. मनीषा माझ्याकडं बघून हसली.

संध्याकाळी ती पायरीवर आली. तिनं मुलाचं काही विचारलं नाही. "तुमचं गाव कसं हाय ताई? पानी गोड हाय का?" एवढंच विचारलं. मी तासभर बोलत होते. विहीर, चिंचेची झाडं, यात्रा, मांजरसुंब्याच्या रबडीपासून सगळं सांगितलं. लहानपणी कुठल्या ओढ्यात पडले तेसुद्धा सांगितलं. तेवढं एक सोडून सगळं खरं सांगितलं.

सुपारी फुटली. लग्नाला वीस दिवस होते आणि मी रोज ठरवत होते, आज सांगायचं. सकाळी ठरवायचं आणि चहाच्या वेळी गिळायचं. मनाला समजावत होते, लग्न झालं की पोरं सुधारतात. आमच्या जिल्ह्यात हे वाक्य प्रत्येक मुलीच्या पाठवणीत घालतात. मी तिला पैठणीच्या काठाची साडी घेतली, हळदीला नाचले. मला स्वतःची लाज वाटत होती आणि मी नाचत होते.

मान्यतेची फाइल काही पुढं सरकली नाही. पुढच्या दिवाळीला म्हणाले.

अकरा महिन्यांनी मनीषा बसमधून उतरली. हातात एक पिशवी, डाव्या मनगटाला प्लास्टर. मी उपकेंद्राच्या दारात होते. "काय झालं गं?" मी म्हणाले.

"पडले," ती म्हणाली. मनगट पडून कसं मोडतं आणि पिरगळून कसं मोडतं, ते मला कळतं. तिलाही माहीत होतं, की मला कळतं.

मी वाट बघत बसले. आता गिरणी थांबेल, मामा मला दारात उभी करतील आणि साऱ्या गावादेखत माझी सालं काढतील. काढायलाच हवी होती. पण दिवस गेले, महिना गेला. मामा मला बघून हात वर करायचे, बास. भाडं द्यायला गेले तर मोजायचेही नाहीत. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती.

मग माझ्या गावाहून निरोप आला. अध्यक्षांनी बैठक बोलावली होती, मुलगी नांदायला का येत नाही याचा निकाल लावायला. मनीषा माझ्या पायरीवर आली. "ताई, तुमीबी चला संग," म्हणाली. बाकी काही नाही. जीपमध्ये मामा ड्रायव्हरशेजारी, मागं आम्ही दोघी. मामींना चक्कर येत होती, त्या घरीच राहिल्या.

अध्यक्षांच्या ओसरीवर सतरंज्या टाकल्या होत्या. गावातले जाणते पंधरा-वीसजण, पारावरचे ते पाचजणही त्यात. दाराआड घरातल्या बाया. आणि चहाचे कप घेऊन फिरत होता माझा भाऊ. एम.ए. बी.एड. झालेला, बिनपगारी आठवं वर्ष लागलेला, हातात ट्रे.

अध्यक्ष फार गोड बोलले. आमचं पोरगं सुपारीच्या खांडालाही शिवत नाही म्हणाले. पोरगी मात्र बापासारखी तोंडाळ आहे, उलट बोलते. तरी आम्ही मोठ्या मनानं घ्यायला तयार आहोत. लगेच माना डोलल्या. भांड्याला भांडं लागतंच, सांभाळून घ्यावं, पोरीच्या जातीनं दोन पावलं मागं यावं. मनीषाच्या तोंडून त्या घरात दहा शब्द निघाले नसतील, हे मी पैजेवर सांगते. आणखी पाच मिनिटांत तिला तिथंच ठेवून आम्ही परत निघालो असतो, अशी सगळी तयारी झालेली होती.

मामा उठले. ओसरी सावध झाली, कारण त्यांच्या तोंडाची कीर्ती तिथवर पोचलेली होती.

"अध्यक्षसायेब, तुमच्या पोराचं मी काय बोलत न्हाई," मामा म्हणाले. "मी डोळ्यानं बगितलं न्हाई. मी माझं सांगतो. लग्नाआधी मी ह्या नर्सबाईला इचारलं, पोरगं कसं हाय. ती म्हनली, घर चांगलं हाय. मी पोराचं इचारलतं, तिनं घराचं सांगितलं. तवाच मला कळलं."

मामांनी डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला.

"लोकाच्या पोरीसाठी मी धा जागी भांडनं घेतली. माझ्या पोरीच्या वक्ताला मी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई. कावून? तर ही बाई खरं सांगंल आन स्थळ जाईल म्हून. मला पोरगी उजवायची हुती. तवा चूक माझी हाय. नांदायला कुनाला धाडायचंच असंल तर मला धाडा. मी ऱ्हातो हितं मार खायाला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मामा खाली बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी काय पाहिलं असेल ते त्यांनी विचारलं नाही, बोल म्हणूनही म्हणाले नाहीत.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "बाई तर आपल्याच गावच्या," ते म्हणाले. "भाऊ आपल्याच शाळेत. मग बाई, घर चांगलं हाय म्हनला, त्यात काय खोटं हाय का?"

भाऊ खांबापाशी थांबला होता. त्यानं अगदी बारीक मान हलवली, नको म्हणून.

मी उभी राहिले. "घर चांगलं आहे," मी म्हणाले. "पोरगा पितो. गेल्याच्या गेल्या दिवाळीत पारासमोर त्यानं आईला फरफटत नेलं. मी बघितलं. पारावर पाचजण होते, ते पाचही आत्ता इथं बसलेत. तिचं मनगट पडून मोडलेलं नाही, पिरगळून मोडलंय. मी नर्स आहे, कुठल्याही डॉक्टरपुढं सांगेन. तिला इथं ठेवू नका."

पाचातला एकही वर बघेना. अध्यक्ष काही बोलणार तेवढ्यात दाराआडून एक बाईचा आवाज आला, बारीकसा. "खरं हाय ते." मुलाची आई होती. तिनं तेवढंच म्हटलं आणि आत गेली.

त्यानंतर निकाल द्यायला काही राहिलं नव्हतं. मनीषाची भांडी आणि तिची बी.ए.ची कागदं असलेली ट्रंक जीपमध्ये चढवली. भावाची फाइल पुढच्या आठवड्यात टेबलावरून गेली, कुठं गेली ते कळलं नाही. तो आता तेलगावला क्लास घेतो. पोरं बरी येतात म्हणे. माझ्याशी बोलत नाही. आई बोलते, पण पूर्वीसारखं नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या आठ वर्षांचं मी न विचारता काय करून टाकलं, ते मला माहीत आहे.

परत येताना मांजरसुंब्याला ड्रायव्हर चहाला उतरला. आम्ही तिघं आतच बसलो. मनीषा खिडकीतून ट्रक बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तवा कावून सांगितलं न्हाई मला? रोज तर पायरीवर बसायचो आपण."

वर्षभराहून जास्त मी या प्रश्नाची उत्तरं तयार करत होते. भाऊ, फाइल, आईचे पेढे, लग्नानंतर पोरं सुधारतात. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "भ्याले होते गं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मग तेवढंच म्हनायचं हुतं," ती म्हणाली. "'मनीषा, मला भ्या वाटतंय, मला सांगता येत न्हाई.' एवढं म्हनला असता तरी मी समजून गेले असते. दुसरं कायबी सांगायची गरज नव्हती."

मी तिच्या प्लास्टर काढलेल्या मनगटाकडं बघत बसले. "हे मला सुचलंच नाही," मी म्हणाले.

"मलाबी न्हाई सुचलं," पुढच्या सीटवरून मामा म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली.